अकराव्या अध्यायाची गाठ

माझ्या शेजारणीला पहिले काही महिने वाटायचं की माझ्याकडे रोज सकाळी कोणीतरी येऊन बसतं. बोळिंजच्या आमच्या इमारतीतल्या भिंती तशा नावालाच आहेत. पलीकडे कुकरची शिट्टी झाली की मी उठून माझा गॅस बंद करायला जाते. शेजारीण तिशीतली, नोकरीवाली, कायम घाईत. एकदा लिफ्टची वाट बघताना तिनं विचारलंच, "आंटी, रोज मॉर्निंगला कोण येतं तुमच्याकडे? मस्त गप्पा चालू असतात."

"कोणी नाही गं. मी बायबल वाचते."

"एवढ्या मोठ्यानं?"

"एवढ्या मोठ्यानं."

तिनं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर जी दया उमटली ती मला अजिबात आवडली नाही. मी तीस वर्षं नर्स होते. दया दाखवायची कशी आणि लपवायची कशी, दोन्ही मला येतं. तिला अजून दुसरं शिकायचं होतं.

पण खरं सांगायचं तर या मोठ्यानं वाचण्यात भक्ती निम्मीच. उरलेलं निम्मं म्हणजे, वाचलं नाही तर दुपारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मुलगा परदेशात, त्याचा फोन रविवारी. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. एकदा तापात तीन दिवस वाचन राहिलं. चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानात तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. दुकानदारानं मला मुकी समजून कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी गोळ्यांचं नाव निमूट लिहून दिलं, घरी आले आणि रडले. एकटं असणं म्हणजे काय ते मला नवऱ्याच्या जाण्यापेक्षाही त्या कागदानं जास्त कळलं.

वाचायची ही रीत माझ्या आईची. आम्ही नगरकडचे, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे बायबलला शास्त्र म्हणत, आणि शास्त्र चुलीशेजारच्या फळीवर असायचं, पानांवर हळदीचे डाग पडलेले. रोज एक अध्याय, क्रमानं. आवडतो म्हणून दुसऱ्यांदा वाचायचा नाही, कंटाळा येतो म्हणून गाळायचा नाही. वाचून झालं की आई पदराच्या टोकाला गाठ मारायची, बाजारातून काही आणायचं विसरू नये म्हणून बायका मारतात तशीच. त्या गाठीत त्या दिवसाचं काम असे. वाचलेल्यातून आज करता येईल अशी एकच गोष्ट काढायची आणि ती झाली की संध्याकाळच्या प्रार्थनेआधी गाठ सोडायची. नाही झाली तर गाठ तशीच राहायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी नव्या अध्यायाची दुसरी. "वाचलंस ते ठीक," आई आम्हाला विचारायची, "केलंस काय?" वडील चिडवायचे की तुमच्या आईचा पदर बघितला की आठवडा कसा गेला ते कळतं.

वंशावळीचे अध्याय आले की आम्हा भावंडांना मजा वाटे. नुसती नावंच नावं, अमक्याला तमका झाला आणि तमक्याला अमका. यातून आई काय काम काढणार? एकदा अशाच एका अध्यायानंतर तिनं गाठ मारली, गल्लीच्या टोकाला गेली आणि तिथल्या म्हातारीला तिचं नाव विचारून आली. अख्खी गल्ली तिला म्हातारीच म्हणायची. तिलाही नाव असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी आता घरात गाऊन घालते आणि दार उघडायचं म्हणून वर ओढणी घेते. गाठ ओढणीला मारते.

नोकरीनं मला मुंबईत आणलं आणि लग्नानं वसईत. नवरा तिथल्याच गास गावचा, कॅथलिक. त्याची आई लवकर गेली, म्हणून बारा वर्षांनी मोठ्या बहिणीनं त्याला वाढवलं. त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. घरात सगळे तिला बाय म्हणत, मग मीही बाय म्हणू लागले. ती घरच्या बोलीत सुरू झाली की मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र ती सावकाश, जमेल तितक्या मराठीत बोलायची, प्रत्येक 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' करत. मला ती पहिल्या दिवसापासून नर्सबाय म्हणायची. माझ्या पदराच्या गाठी बघून तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "नर्सबाय, औषधाच्या पुड्या बांधलेत काय?" मी आईची रीत सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा हाय. आमी मनी ओढतो, तुमी गाठी मारता."

देव एकच, पण आमची घरं दोन. ते मिस्साला जात, आम्ही उपासनेला. ते येसू म्हणत, आम्ही येशू. फरक फक्त स आणि शचा, पण मी येशू म्हटलं की बाय तोंडातल्या तोंडात येसू म्हणून दुरुस्ती करणारच. त्यांच्या बायबलात आमच्यापेक्षा सात पुस्तकं जास्त असतात. बायनं एकदा दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून जाडी बघितली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "तुज्या पुस्तकातली पाना कोनी फाडली?" मी म्हटलं, "फाडली नाहीत, तुम्हीच जास्तीची चिकटवलीत." नवरा हसून हसून खोकायला लागला. आमचे दिवस बरे होते, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

तिचं बायबल शोकेसमध्ये असायचं, मरियामातेच्या पुतळ्याखाली, प्लास्टिकचं वेष्टण तसंच. ती चर्चमध्ये ऐकायची, घरी वाचायची नाही. घरी तिची रोझरी. रोज संध्याकाळी गुडघे टेकून, माळेचा एकेक मणी सरकवत नमो मरिया. मला मनातून ते नुसतं घोकणं वाटायचं. मी कधी बोलले नाही, पण वर म्हटलं ना, मला दया लपवता येते. तुच्छता लपवता येत नव्हती, आणि बाय काही आंधळी नव्हती. तेव्हा नव्हती.

पुढे आम्ही बोळिंजला फ्लॅट घेतला. बाय गासच्या घरीच राहिली, वाडीत भाजी लावत. नवरा दर रविवारी मिस्सा झाली की तिच्याकडे जेवून यायचा आणि येताना पिशवीभर माठ, मुळा, कधी केळफूल आणायचा.

पाच वर्षं होत आली. त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. शेवटचे चार दिवस इस्पितळात होतो, बाय आणि मी दोघी. ती पलंगाच्या एका बाजूला माळ घेऊन, मी दुसऱ्या बाजूला शास्त्र घेऊन. चौथ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या गाड्या फिरत होत्या तेव्हा, मला नर्स म्हणून कळलं की आता फार वेळ नाही. बाय नमो मरिया म्हणत होती आणि त्याचे ओठ हलत होते. तिच्याबरोबर हलत होते. आवाज नव्हता, पण तो तिच्यामागून एकेक शब्द म्हणत होता, लहानपणी म्हणत असेल तसा. मी सकाळपासून वाचत होते, तेव्हा त्याचे ओठ एकदाही हलले नव्हते.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द नाही त्याला. तेहतीस वर्षांच्या संसारानंतर माझा माणूस जाताना दुसरीचं बोट धरून चालला होता.

मी उठले आणि वॉर्डातल्या आवाजात म्हटलं, "बाय, तुम्ही बाहेर थांबा. पेशंटला त्रास होतोय." नातेवाइकांना बाहेर काढायचा तो आवाज मला तीस वर्षांत पाठ झालेला. त्या आवाजापुढे कोणी बोलत नाही. बायनं माझ्याकडे बघितलं, माळ मुठीत गोळा केली आणि बाहेर गेली. मग आयुष्यात पहिल्यांदाच मी क्रम मोडला आणि चौथ्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चार चरित्रांतल्या शेवटच्याचा, अकरावा अध्याय काढला, येशू मेलेल्या माणसाला कबरीतून हाक मारून उठवतो तो. तो निम्माही झाला नव्हता. मी मान वर केली तर नवरा गेलेला होता.

मी त्याचे डोळे मिटले, हात सरळ केले, चादर नीट केली. हे सगळं करून बाहेर आले तेव्हा बाय बाकड्यापाशी उभीच होती. मी सांगायच्या आधीच तिला कळलेलं होतं. कसं कळलं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. ती आत गेली, त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. त्यानंतर दफनाला, महिन्याच्या मिस्साला आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो, पण ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. मग मी गासला जाणं सोडलं.

पाच वर्षं आम्ही एकमेकींना टाळण्यात मोठी शिस्त पाळली. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गासच्या दफनभूमीत सगळं गाव मेणबत्त्या घेऊन येतं. मी भल्या पहाटे जाऊन यायची. तरी कबरीवर ताजी तगर ठेवलेली असायची, वाडीतली, दव न सुकलेली. ती माझ्याही आधी येऊन गेलेली असायची. मी माझी मेणबत्ती तिच्या फुलांपासून वीतभर दूर लावायची.

आणि रोज सकाळी मी शास्त्र वाचत होते. याचीच मला आता जास्त लाज वाटते. रोज एक अध्याय, रोज एक गाठ. वॉचमनला बसायला धड खुर्ची नव्हती, ती दिली. पार्किंगवरून ज्याच्याशी बोलत नव्हते त्याला नाताळचा केक नेऊन दिला. शेजारणीचे वाळत घातलेले कपडे माझ्या गॅलरीत पडले की कुरकुर न करता घडी करून दिले. वेदीपाशी आलास आणि भावाशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचा तो भाग आला त्या दिवशी मी गाठ मारून बराच वेळ बसून राहिले. मग खाली जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरीशी समेट केला. पाण्याच्या टाकीवरून आमचं वाजलं होतं. शास्त्रात भाऊ म्हटलंय, नणंद कुठे म्हटलंय, असंही मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी गाठ सोडली. कोणी पाहत नव्हतं.

रोज एक याप्रमाणे अख्खं शास्त्र संपायला सव्वातीन वर्षं लागतात. नवरा गेल्यावर दीडेक वर्षानं ते चौथं शुभवर्तमान आलं. दहावा अध्याय वाचला, आणि दुसऱ्या दिवशी बोट आपोआप बारावर गेलं. आईच्या घरात जन्मून मी अध्याय गाळला. अकरावा मी त्या दुपारनंतर उघडलाच नव्हता. त्याचा पुढचा भाग माझ्यासाठी त्या इस्पितळातच राहिला.

गेल्या नोव्हेंबरात मी नेहमीसारखी पहाटे कबरीवर गेले. तगर नव्हती. शेजारच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या बाईला विचारलं, तर म्हणाली, बायची नजर गेली, आता घराबाहेर पडत नाही. मी मेणबत्ती लावली. त्या दिवशी ती बरोबर मधोमध लावायला जागा होती, आणि मला ते बघवलं नाही. बाय अठ्ठ्याहत्तरच्या पुढची. पुढच्या वर्षी कदाचित दोन कबरी असतील आणि मग मी कोणाशी काय बोलणार?

तरीही गेले नाही. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. जानेवारीत चौथं शुभवर्तमान पुन्हा आलं. दहावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला, चष्मा पुसला, ओढणी सारखी केली, पुन्हा चष्मा पुसला. आणि अकरावा उघडला.

मला वाटत होतं तो माझ्या नवऱ्याचा अध्याय आहे. मोठ्यानं वाचू लागले. एक माणूस आजारी पडतो. त्याच्या दोन बहिणी प्रभू येशूला निरोप पाठवतात. प्रभू लगेच निघत नाही, दोन दिवस थांबतो. तो पोचतो तेव्हा माणसाला पुरून चार दिवस झालेले असतात. एक बहीण घरात बसून राहते, दुसरी गावाबाहेर जाऊन त्याला वाटेत गाठते आणि म्हणते की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. इथवर मी त्या दुपारी वाचलं होतं. इथंच मी मान वर केली होती.

मी थांबले. बोट त्या ओळीवर ठेवून मागे गेले, पुन्हा पहिल्यापासून नुसतं नजरेनं वाचलं, मग पुढे शेवटपर्यंत शोधलं. या अध्यायात बायको नाही. कुठंच नाही. त्या माणसाला बायको असेलही, पण शास्त्राला तिच्याशी काही देणंघेणं नाही. इथं बहिणी आहेत. बहिणी निरोप पाठवतात, बहिणी रडतात, बहिणीच प्रभूशी भांडतात. भाऊ मेलेल्या बहिणीचा हा अध्याय, आणि मी तो वाचण्यासाठी बहिणीलाच खोलीबाहेर काढलं होतं. तीस वर्षं नर्स, साठ वर्षं शास्त्र, आणि मला वाचता येत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे, दाराची बेल वाजली. शेजारीण होती, एका हातात डब्याचं झाकण.

"आंटी, ओके ना तुम्ही? आवाज एकदम बंद झाला तुमचा."

"तू ऐकतेस?"

"रोज ऐकते, डबा भरताना. अर्धं समजत नाही मला, पण चालू असलं की बरं वाटतं. आज मध्येच बंद झालं, मग पाच मिनिटं काहीच नाही. मला टेन्शन आलं."

मी तिला काही झालं नाही म्हणून सांगितलं. ती गेल्यावर ओढणीच्या टोकाला गाठ मारली. इतकी करकचून की बोट दुखलं.

त्या दिवशी गेले नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. प्रभूसुद्धा दोन दिवस थांबूनच निघाला होता, असं म्हणून मी ते दिवस काढले. मला शास्त्र असं सोयीनं लावायची जुनी खोड आहे. वाचनही पुढे सरकलं नाही. तिसऱ्या सकाळी तीच ओढणी घेतली, शास्त्र पिशवीत टाकलं, रिक्षानं नालासोपाऱ्याला गेले आणि तिथून दुसऱ्या रिक्षानं गासला. नालासोपाऱ्याच्या इमारती मागे पडल्या की एकदम केळी आणि भाजीचे वाफे सुरू होतात. नवऱ्याला तिथं पोचलं की मोठ्यानं श्वास घ्यायची सवय होती. मी पण घेतला.

बाय ओट्यावर बसली होती. पुढ्यात माठाची रास, आणि ती चाचपून चाचपून जुड्या करत होती, केळीच्या सुकलेल्या सोपटाच्या पट्टीनं एकेक बांधत होती. डोळे माझ्या दिशेला होते पण माझ्यावर नव्हते. मी अंगणात पाऊल टाकलं तशी तिनं हात थांबवले.

"नर्सबाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "अजून वार्डात चालल्यासारखी चालते."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. येताना रिक्षात सगळं जुळवून ठेवलं होतं, चांगली चार-पाच वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"बाय," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला बाहेर काढलं. पेशंटला त्रास होतोय म्हणाले. त्याला त्रास होत नव्हता. मला होत होता. तो तुमच्यामागून नमो मरिया म्हणत होता आणि मला ते बघवलं नाही."

बायनं पुढची जुडी उचलली. देठ सारखे केले, पट्टी फिरवली, गाठ मारली. पट्टी तुटली. तिनं दुसरी घेतली.

"म्हनत व्हता?" तिनं विचारलं.

"म्हणत होता. ओठ हलत होते."

"मला दिसला नाय. मी डोले मिटून म्हनते."

मला वाटलं, पाच वर्षं ही गोष्ट माझ्याकडे होती. तिच्या भावाची शेवटची प्रार्थना. ती तिची होती आणि मी तिला दिली नव्हती. कोणाची वस्तू आपल्याकडे राहून जावी इतकी साधी गोष्ट, पण मला पायरीवर धड बसवेना.

"दार उघडाच व्हता," बाय म्हणाली. "मी बाकड्यावर बसली. माल हातात, पन कान तुज्याकडं. तू मोठ्यानं वाचते ते बरा. ती बहीन गावाबाहेर येते, येसूला वाटेत गाठते, तिथवर मी ऐकला. मंग तू थांबली. मी म्हटला, पान उलटत असंल. पन पान उलटायला इतका वेल लागत नाय. तवा कलला मला. मी उठून उभी रायली."

मला शेजारणीच्या हातातलं डब्याचं झाकण आठवलं. ती पाच मिनिटांत आली होती, विचारायला. बायला मी बाहेर थांब म्हटलं होतं, म्हणून ती बाहेर थांबली होती. मी रडले. वॉर्डात रडतात तसं नाही, अगदी नाक गळेपर्यंत, लहान मुलीसारखं. बायनं मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

"मनात राग आहे?" शेवटी मी विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "पाच वर्सांचा हाय. एका सकाळीत कसा जाईल?" मग तिनं विचारलं, "पुस्तक आनलाय?"

"आणलंय."

"मंग वाच. त्या दिवशीचा रायलाय पुढचा."

मी पिशवीतून शास्त्र काढलं. तिनं राग आहे म्हणून सांगितलं होतं, माफ केलं म्हणून सांगितलं नव्हतं, आणि तरी कोणी काही वाचायला सांगितल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. बहीण वाटेवर भेटते तिथून सुरू केलं. दुसऱ्याच ओळीत मी येशू म्हटलं.

"येसू म्हन," बाय म्हणाली. "माज्या ओट्यावर बसली ना तू?"

मी येसू म्हटलं. जीभ जरा अडली, मग अडली नाही.

वाचत गेले. दुसरी बहीण येते, तीही तेच गाऱ्हाणं करते, आणि प्रभू रडतो. मग कबरीची धोंड बाजूला करायला सांगतो. बहीण म्हणते, आता दुर्गंधी येत असेल, चार दिवस झाले. बाय इथं जराशी हसली. "खरी घरातली बाई," ती म्हणाली. मग मेलेला माणूस बाहेर येतो, हातपाय कापडानं बांधलेले, तोंडावर रुमाल, आणि प्रभू सांगतो की याचं हे बांधलेलं सोडा आणि याला जाऊ द्या. अध्याय तिथं संपत नाही, पण बायनं हात वर केला, म्हणून मी थांबले. तिनं मिटल्या डोळ्यांनी कपाळापासून क्रूसाची खूण केली. तिच्या मांडीवर अर्धी बांधलेली जुडी तशीच पडली होती.

"ते उठवलेला मानूस," ती म्हणाली, "मंग पुना मेला असंल ना कधीतरी?"

"मेला असेल."

"आनि बहिनी पुना रडल्या असतील."

"असतील."

"हां," बाय म्हणाली, आणि जुडी बांधायला घेतली.

ऊन ओट्याच्या कडेला आलं होतं. मी उरलेला अध्याय वाचून संपवला. तिनं एक जुडी माझ्या पिशवीत टाकली, नवऱ्याला द्यायची तशीच, मला न विचारता. निघायला उठले तेव्हा माझं लक्ष ओढणीच्या टोकाकडे गेलं. करकचून मारलेली ती गाठ. काम झालं होतं. आईच्या नियमानं आता सोडायला हरकत नव्हती. मी नखानं ती उकलू लागले, आणि सुटता सुटेना.

"काय करते?" बायनं विचारलं. आवाजावरून तिला काय कळतं आणि काय नाही हे मला अजून समजायचं आहे.

"गाठ सोडतेय, बाय. आईची ती रीत, आठवते? तुमच्याकडे यायचं म्हणून मारली होती."

तिनं हात पुढे केला. मी ओढणीचं टोक तिच्या हातात दिलं. तिनं गाठ दोन बोटांत धरून चाचपली, माळेचा मणी धरतात तशी, आणि न सोडता टोक मला परत दिलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या बारावा वाचायला यायचा हाय ना तुला."